म्हाळाच्या दिवशी लंडन

तळेघर हे बघायचं गाव नाही, बघायला जाताना लागणारं गाव आहे. मंचर सुटतं, घोडेगाव मागे पडतं, डिंभे धरणाचं पाणी झाडीतून दिसून नाहीसं होतं, वळणांनी सकाळचे पोहे गळ्याशी येतात, आणि मग तळेघर येतं. भीमाशंकरला निघालेली गाडी इथे थांबते ती आमच्या गावावर माया म्हणून नव्हे. एकाला चहा हवा असतो, एकीला उलटी झालेल्या पोराचं तोंड धुवायचं असतं, आणि गाडीतून उतरणारं प्रत्येक माणूस पाय जमिनीला टेकायच्या आत विचारतं, "टॉयलेट आहे का हो?"

हा प्रश्न ऐकतच मी लहानाची मोठी झाले. रस्त्याला लागून आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी, शेवेची बरणी आणि श्रावण आला की मागे वाढणारी पत्र्याची पडवी. आलेलं गिऱ्हाईक कुठलं, हे ते बोलायच्या आत ओळखायला मी तिथेच शिकले. मुंबईचा माणूस उतरला की आधी मोबाइलला रेंज आहे का बघतो. पुण्याचा माणूस मिसळ केवढ्याला म्हणून विचारतो आणि उत्तर मिळाल्यावर खात्रीसाठी पाटीही वाचतो. जीपमधून दाटीवाटीनं आलेली खेड्यातली मंडळी आमच्याच बाकावर बसून स्वतःची भाकरी सोडतात आणि फक्त पाणी मागतात. दादांचा जीव या शेवटच्या मंडळींवर. ती जाताना बारा चहा सांगतात आणि उधारी ठेवत नाहीत.

तर सांगायचं म्हणजे, सगळा जन्म पर्यटक बघण्यात घालवलेला हा माणूस स्वतः कधी पर्यटक झाला नव्हता. फिरायला जाणं हे गिऱ्हाइकाचं काम, त्याला चहा पाजणं हे आपलं, अशी वाटणी त्यांनी मनाशी करून टाकली होती. मी नर्स होऊन इंग्लंडात रेडिंगला आले, दरवर्षी या म्हणत राहिले, आणि दरवर्षी काहीतरी आडवं येत राहिलं. उन्हाळ्यात बाळहिरडा, पावसाळ्यात भातलावणी, नंतर श्रावण. 2024 सालच्या श्रावणात तर पाच सोमवार आले. त्यात हॉटेल बंद ठेवायचं म्हणजे साक्षात शंकराला पाठ दाखवणं. शेवटी दादांनीच तोड काढली. पितृपक्षात यायचं. त्या पंधरवड्यात धंदा थंड असतो, भात पोटरीत असतं, आणि दिवाळीच्या आत कापणीला परत पोचता येतं. शुभ-अशुभाचा प्रश्न मी विचारून पाहिला. "इमान काय गृहप्रवेश हाय का?" असं म्हणून त्यांनी तो निकालात काढला.

लंडन दाखवायचा दिवस ठरवताना मात्र एक गोष्ट राहून गेली होती, ती आईनं आदल्या रात्री काढली. त्या दिवशी आजीची तिथ होती. म्हाळ घालायचा होता.

पहाटे चारला आमच्या फ्लॅटमध्ये वडे तळायला सुरुवात झाली. साडेचारला धुराचा भोंगा वाजला. पाचला वरच्या मजल्यावरचा इसम खाली येऊन गेला आणि दोन वडे खाऊन गेला. सहाला आईनं बाल्कनीच्या कठड्यावर पान ठेवलं: वडे, खीर, आळूची भाजी (म्हणजे पालकाची), कढी. कावळा आला नाही. दोन पारवे आले, त्यांना आईनं हाकललं. एक समुद्रपक्षी येऊन बसला आणि त्यानं पानाकडे इतक्या हक्कानं पाहिलं, की आईलाच थोडा वेळ शंका आली.

"म्हाळ दुपारचा असतो," दादा बूट घालत म्हणाले. "सकाळी सहाला म्हातारी कधी जेवलीय का? गाडी चुकंल."

आईनं वडे डब्यात भरले. "वाटंत मिळंल कुठंतरी एखादा कावळा," ती म्हणाली. माझा नवरा कामावर होता. म्हणजे वाचला.

पॅडिंग्टनला उतरलो. तिथे स्टेशनात अस्वलाचा एक पितळी रंगाचा पुतळा आहे. हे अस्वल गोष्टीतलं, पेरू देशातून आलेलं, आणि इंग्लंडची पोरं त्याच्यावर जीव टाकतात. लोक रांग लावून त्याच्या नाकाला हात लावत होते. आईनंही लावला आणि तो हात कपाळाला नेला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तासाभरात आम्ही बकिंगहॅम पॅलेससमोर उभे होतो आणि दादा एका शिपायाच्या टोपीकडे टक लावून बघत होते.

"ही कशाची?"

"अस्वलाची," मी म्हटलं. "खऱ्या. कॅनडातल्या काळ्या अस्वलाच्या कातड्याची."

दादा गप्प झाले. भीमाशंकर हे 1985 पासून अभयारण्य आहे आणि आमच्या भागात माणसाला वाळकं लाकूड घरी न्यायचं तरी आधी इकडेतिकडे बघावं लागतं. इथे एक माणूस भर रस्त्यात सबंध अस्वल डोक्यावर घेऊन उभा होता, आणि तोही सरकारी पगारावर.

"वनखात्याला माहिती हाय का?" त्यांनी विचारलं. जवळ एक पोलीस उभा होता. त्याला विचार, म्हणाले. मी पोलिसाला विचारलं की पहारा बदलायचा सोहळा किती वाजता आहे. तो म्हणाला, अकराला असतो, पण आज पावसामुळे रद्द.

आता या पावसाबद्दल. लंडनला वर्षभरात सुमारे 600 मिलिमीटर पाऊस होतो. आमच्याकडे आषाढात एवढा पाऊस पडायला पंधरवडा पुरतो, आणि त्यात कोणी काही रद्द करत नाही. गुडघाभर चिखलात वाकून आवणी चालू असते. त्या दिवशी लंडनात जे पडत होतं त्याला तळेघरात कोणी पाऊस म्हटलं असतं तर लोकांनी त्याला डोळे दाखवून घ्यायला मंचरला पाठवलं असतं. आईनं पिशवीतून प्लास्टिकची खोळ काढली, डोक्यावर टाकली आणि निवांत उभी राहिली. भोवतीच्या छत्र्या वाऱ्यानं उलट्या होत होत्या. दोन जपानी मुलींनी येऊन विचारलं की हे कुठे मिळतं. खताच्या गोणीच्या आतला कागद कापून ते घरी करतात, हे सांगणं माझ्या जिवावर आलं. हाताने बनवलेलं आहे, एवढंच म्हटलं.

"एवढ्याशा पावसात सैन्य आत जातं?" दादा म्हणाले. "आणि ह्यांनी आपल्यावर राज्य केलं?"

मग त्यांचं लक्ष महालाच्या छपरावर गेलं. मी सांगितलं की राजा आत असला की त्याचं स्वतःचं निशाण लागतं, नसला की देशाचा झेंडा. तेव्हा देशाचा झेंडा होता.

"म्हणजे देव गाभाऱ्यात नाय, आरती रद्द, आणि गर्दी एवढी?" दादांनी गर्दीवरून नजर फिरवली. ही नजर मला माहीत आहे. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दूध किती घ्यायचं हे ठरवताना ते रस्त्याकडे असंच बघतात. "ह्याला म्हणतात देवस्थान," ते म्हणाले, आणि त्या क्षणापासून लंडनबद्दलचा त्यांचा सूर बदलला. आतापर्यंत ते पाहुणे होते. आता ते त्याच धंद्यातला माणूस म्हणून दुसऱ्याचं दुकान बघू लागले.

याचा प्रत्यय लगेच चहाच्या टपरीवर आला. कागदी पेल्यातला चहा, दूध आपलं आपण घालायचं, आणि तिघांचे मिळून हजार रुपयांच्या घरात. परदेशी आलेल्या आईबापांनी इथे रुपयांत हिशोब करून कपाळावर हात मारायचा असतो, अशी रीत आहे. मी त्या तयारीतच होते. दादांनी हिशोब केला, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर हाय. मोक्याची जागा हाय त्याची. गिऱ्हाईक दुसरीकडं जाणार कुठं?" शिवरात्रीला वीस रुपयांची पाण्याची बाटली जो तीसला विकतो आणि वरून ऐकूनही घेतो, त्या माणसाला पहिल्यांदाच आपली बाजू मांडणारा कोणी भेटला होता. "दूधसुद्धा गिऱ्हाइकाकडनंच घालून घेतो," ते कौतुकानं म्हणाले. "एक पोरगा वाचला."

शेजारीच सेंट जेम्स पार्क. तिथल्या तळ्यात पेलिकन आहेत. 1664 मध्ये रशियाच्या वकिलानं राजाला पहिले पेलिकन नजर केले, तेव्हापासून हा गोतावळा तिथे आहे. आईला त्यांच्यात रस नव्हता. तिला झाडांत होता. ती एकेका झाडाखाली थांबून विचारायची, "ह्याचं काय मिळतं?" लंडनभर लावलेलं हे प्लेनचं झाड. सावली मिळते, म्हटलं. "हिरडा नाय, करवंद नाय, साधी चिंच नाय," आई म्हणाली. "नुसतं उभं." हिरड्याच्या एका झाडावर घरातल्या पोरांच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघालेला आहे तिच्या. बिनकामाचं झाड तिला बघवत नाही.

एवढ्यात खारी आल्या. लंडनच्या करड्या खारी माणसांना भीत नाहीत, पायाशी येऊन हात जोडतात, आणि देशोदेशीचे लोक गुडघे टेकून त्यांचे फोटो काढतात. दादांनी ते दृश्य बराच वेळ पाहिलं. आमच्या रानातलं शेकरू शेपटीसकट जवळजवळ तीन फूट भरतं. तांबूस अंग, पिवळसर पोट, या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेतं तेव्हा जंगल दोन क्षण थांबतं. राज्याचा प्राणी म्हणून त्याला मान आहे. ते बघायला आलेले पर्यटक आमच्याकडे चहा पितात आणि दिसलं नाही म्हणून आमच्यावरच रागावतात.

"ह्यांना शेकरू दाखवलं तर हे लोक काय करतील?" दादा म्हणाले.

मी सांगितलं की या खारी मुळात इथल्या नाहीतच. एकोणिसाव्या शतकात हौशी जमीनदारांनी अमेरिकेतून आणून बागांमध्ये सोडल्या. इथली मूळची खार तांबडी. करड्यांनी तिला पार हुसकलं. इंग्लंडात आता ती कुठेकुठे कोपऱ्यात उरलीय.

"म्हणजे तांबडी खार प्रकल्पग्रस्त," दादा म्हणाले. आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, आणि ते आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. या विषयावर दादांना समजावून सांगावं लागत नाही.

वेस्टमिन्स्टरला पोचलो तेव्हा बाराला थोडा अवकाश होता. मी माझं पाठ केलेलं सांगायला लागले: बिग बेन हे मनोऱ्याचं नाव नाही, घड्याळाचंही नाही, आतल्या घंटेचं आहे, घंटा 13.7 टनांची, 1859 मध्ये वाजायला लागली आणि त्याच वर्षी तिला तडा गेला, मग हातोडा हलका केला, घंटा थोडी फिरवली, आणि तेव्हापासून ती तशीच तडा गेलेली वाजतेय. बाराचे टोल सुरू झाले. सगळे फोन वर झाले. दादांनी डोळे मिटले. घंटेच्या बाबतीत आमच्याकडचा माणूस जरा दर्दी असतो. भीमाशंकराच्या देवळाच्या आवारात जी मोठी घंटा टांगलेली आहे ती चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी. चर्चमधून निघाली ती थेट शंकरापुढे आली.

"आवाज फुटलेला हाय," दादा बाराव्या टोलानंतर म्हणाले. "आपली चांगली हाय."

तिथून होडीनं टॉवरकडे निघालो. थेम्सचं पाणी आमच्या समोरून वर, म्हणजे उगमाकडे चाललं होतं. समुद्राच्या भरतीनं ही नदी लंडनात दिवसातून दोनदा उलटी वाहते. आईनं ते माझ्याआधी हेरलं आणि जाग्यावरून उठून उभी राहिली. भीमा जिथून निघते तिथली ती माणसं; नदी नावाची गोष्ट खाली जाते एवढं एक तरी त्यांनी पक्कं धरलेलं असतं. दादा मात्र काठ बघत होते. होडीतला माणूस हे अमुक गोदाम, हे तमुक गोदाम असं सांगत होता. या धक्क्यांवर अर्ध्या जगाचा माल चढला-उतरला. "आमच्या बाबू गेनूवर ज्यांचं कापड घातलं ते हेच," दादा म्हणाले. ते कापड मँचेस्टरचं, हे मी सांगितलं नाही. बाबू गेनू सैद महाळुंगे पडवळचा, आमच्याच तालुक्यातला. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला तो उठलाच नाही. डिंभ्याच्या जलाशयाला त्याचं नाव आहे. दादा लंडनात कापड म्हणून काही घेणार नाहीत, हे त्यांनी निघण्याआधीच जाहीर केलं होतं. आईनं एक स्वेटर घेतला, पण त्यावर बांगलादेश लिहिलेलं होतं, म्हणून तो चालला.

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट तेव्हा माणशी पस्तीस पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये होतं. आत शिरताच दादांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी तो दाराशी उभ्या असलेल्या वॉर्डरला विचारला, आणि लाल-निळ्या अंगरख्यातल्या त्या माणसानं आमच्या दादांसारख्याच थकलेल्या आवाजात, न बघता, बोटानं दिशा दाखवली. दादांना तो तिथेच आवडला. हे वॉर्डर म्हणजे किमान 22 वर्षं फौजेत काढलेली माणसं. बायकापोरांसह टॉवरमध्येच राहतात. दिवसभर त्यांना दोनच गोष्टी विचारतात, कोहिनूर कुठंय आणि टॉयलेट कुठंय. दादा म्हणाले, आपल्याला कोहिनूरचं विचारत नाहीत तेवढं बरं.

कोहिनूरच्या दालनात रांग होती. रांग म्हणजे दर्शनबारीच: वळणं, दोऱ्या, मधेच भिंतीवर जुन्या राजांचे फोटो, पुढे सरकल्यासारखं वाटतं पण सरकत नाही. आई अगदी घरच्यासारखी उभी राहिली. तिनं कोणाच्या तरी लेकराला कडेवर घेतलं. गाभाऱ्याशी पोचल्यावर मात्र दोघंही चकित झाले. मुकुटांसमोर थांबताच येत नाही. पायाखालचा पट्टाच सरकतो आणि तुम्हाला दोन मिनिटांत पलीकडे नेऊन सोडतो. आमच्याकडे या कामाला माणसं ठेवलेली असतात, ती खांद्याला धरून "चला चला, पुढं व्हा माउली" करत असतात, आणि त्यांचा पगार, चहा, रुसवेफुगवे सगळं देवस्थानाला सांभाळावं लागतं.

"ढकलायला यंत्र!" दादा पट्ट्यावरून उलटे बघत म्हणाले. त्यांनी हिरा पाहिलाच नाही.

मग आम्ही फिरून परत पट्ट्यावर चढलो. तो बघा, राजमातेच्या मुकुटात मध्यभागी, 105.6 कॅरटचा. पट्टा चालू होता म्हणून मला इतिहास भरभर सांगावा लागला: 1849, लाहोरचा तह, महाराजा दुलीपसिंगाकडून घेतला, तो तेव्हा दहा वर्षांचा.

"दहा?" दादा मोठ्यांदा म्हणाले. दोघं-तिघं वळून बघायला लागले. "अज्ञान वारसाकडनं सही घेतली? कोर्टाची परवानगी? फेरफार कुणी मंजूर केला?" आमच्या भागातल्या माणसाचं निम्मं आयुष्य सातबाऱ्यावर जातं. दीडशे-पावणेदोनशे वर्षं भारतातले वकील, खासदार, इतिहासकार जो मुद्दा मांडत आलेत तो दादांनी सरकत्या पट्ट्यावर तीन वाक्यांत मांडला, आणि पट्ट्यानं त्यांना पलीकडे नेऊन सोडलं.

बाहेर आल्यावर बाकावर बसून त्यांनी निकाल दिला: परत द्यायला पाहिजे. मला वाद घालायची खुमखुमी आली. म्हटलं, मग वसईची घंटा? पोर्तुगीजांनी मागितली तर?

दादा विचारात पडले. उत्तर आईनं दिलं. "घंटा कशी देतील? ती देवाला वाहिली. देवाला दिलेलं माघारी घेत नाहीत."

"आणि राणीला दिलेलं?"

"राणी काय देव हाय?"

यावर ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांनाही काही सुचलं नसतं. मी गप्प बसले. आईनं डबा उघडला, दुपारचे दोन वाजत आले होते.

आणि तेव्हा तो आला.

टॉवरमध्ये डोमकावळे पाळलेले आहेत, हे मला माहीत होतं. पण त्या सकाळच्या पानाशी त्याचा काही संबंध लागेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कथा अशी की टॉवरमध्ये निदान सहा डोमकावळे असलेच पाहिजेत. ते उडून गेले तर राजा जाईल आणि राज्यही बुडेल. अभ्यासक सांगतात की ही कथा तशी अलीकडची, फार तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. पण राज्य बुडण्याचा प्रश्न असल्यावर कोण कशाला हात दाखवून अवलक्षण करील? म्हणून सहावर आणखी एखाददुसरा जास्तीचा ठेवतात, पंखांची थोडी छाटणी करतात, आणि त्यांच्या दिमतीला खास एक वॉर्डर असतो. कच्चं मांस आणि रक्तात भिजवलेली बिस्किटं असा रोजचा खुराक. 

हा एक कावळा आमच्या बाकाच्या टोकाला येऊन उतरला. आकार कोंबड्याएवढा, चोच अडकित्त्यासारखी, पायात रंगीत कडं. मागे पाटी होती की यांना खायला घालू नका, हे चावतात. आम्ही काही घातलं नाही. आई पाटी वाचत नाही, पण मी तिला वाचून दाखवेपर्यंत तो चालत आला, डब्यात मान घातली, एक वडा उचलला, आम्हा तिघांकडे एकेकदा पाहिलं आणि दोन उड्यांत भिंतीवर जाऊन बसला.

आईचे हात जोडलेले होते. "आल्या," ती म्हणाली. "सासूबाई आल्या."

दादा भिंतीकडे बघत राहिले. "जिवंतपणी म्हातारी मंचरच्या पुढं गेली नाय," ते म्हणाले. "आणि आता बघ. राजाच्या घरी."

तेवढ्यात दुसरा कावळा आला आणि पहिल्याच्या चोचीतला वडा ओढायला लागला. हा कोण, यावर आईबापांत थोडा वाद झाला. आईच्या मते ती धाकटी चुलत आजी. कारण जिवंतपणीही तिचं असंच असायचं. कावळ्यांचा कलकलाट वाढला, लोक जमले, फोन निघाले, आणि तो थकलेल्या आवाजाचा वॉर्डर आमच्या दिशेनं येताना दिसला. माझ्या पोटात गोळा आला. इंग्लंडचं राज्य ज्यांच्यावर उभं आहे त्यांच्या पोटात आम्ही उडदाचा वडा घातला होता, हिंग घालून.

तो आला, भिंतीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. म्हणाला, चोर आहेत मेले, काल एका बाईचं सँडविच नेलं. दादांनी त्याच्यापुढे डबा धरला. तो कामावर होता, त्याला घेता येत नव्हतं. पण मी भाषांतर करायच्या आत त्यांनी वडा कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला होता. गिऱ्हाइकाला उपाशी लावायचं नाही, ही झाली सवय. शिवाय म्हाळाला सवाष्ण-ब्राह्मण नाही तर निदान एक परका माणूस जेवायला लागतोच.

आता राहिलं होतं ते दादांनी गावाहून निघताना कबूल करून घेतलेलं एकच ठिकाण. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि आत जायला पैसे पडत नाहीत. फुकट, हे ऐकून दादा दारातच थबकले. दानपेटी दिसल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यांना वाघनखं बघायची होती. वाघनखं तिथे नाहीत, हे मी त्यांना घरून, विमानतळावर आणि त्या दिवशी सकाळी सांगितलं होतं. जुलै महिन्यातच ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवली होती, आणि त्या वेळी साताऱ्याच्या संग्रहालयात होती. दादांचं म्हणणं, नसू देत, पण जिथं होती ती जागा तरी बघू. संत गेले तरी लोक समाधीला जातातच की. वाटेत टिपू सुलतानाचा लाकडी वाघ लागला; गोऱ्या शिपायाच्या गळ्याचा घोट घेणारा, पोटात बाजाची पेटी असलेला. तो बघून आई दिवसात पहिल्यांदा खळखळून हसली आणि तिथून हलेचना.

शेवटी एका रखवालदाराला गाठलं. तो भला माणूस होता. त्यानं सांगितलं की हो, ती तुमच्याकडे गेलीत. मग मी दादांना बाकीचंही सांगून टाकलं. ही वाघनखं साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून इथे आली. तोच तो, 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. अफजलखानाच्या भेटीतली ती हीच, असं त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे, पण म्युझियम स्वतः त्याची खात्री देत नाही.

"खात्री नाय तर परत कशाला मागतात?" दादा म्हणाले. "तीन वर्षांचं लिहून घेतलंय का कागदावर?"

"घेतलंय."

"मग अवघड हाय," ते म्हणाले, आणि विचारात चालत राहिले.

पॅडिंग्टनकडे जाताना बसच्या खिडकीतून त्यांना रस्त्यावर रंगवलेलं एक अक्षर दिसलं. मध्य लंडनात गाडी घालायची तर दिवसाचे पैसे भरावे लागतात, तेव्हा ते 15 पौंड होते, त्याची ती खूण. ही कल्पना मात्र त्यांना हिऱ्यापेक्षा, घंटेपेक्षा, सरकत्या पट्ट्यापेक्षाही आवडली. श्रावणी सोमवारी आमच्याकडे गाड्या खालीच अडवतात आणि लोकांना एसटीनं वर सोडतात. त्यात भांडणं होतात, पोलीस घसा बसेपर्यंत ओरडतात. इथे कोणी ओरडत नव्हतं. कॅमेरा पाटी टिपतो आणि पैसे जातात. दादांनी तिकिटाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला: सोमवारी किती गाड्या, गाडीमागे किती रुपये, ग्रामपंचायतीला किती. मग ते थांबले. गाड्याच आल्या नाहीत तर चहा कोण पिणार, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हिशोब खोडला.

गाडी सुटायला वेळ होता. दादांनी फोन काढला आणि साताऱ्याच्या मावसभावाला लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. तो बिचारा झोपेतून उठला, लंडनहून फोन म्हटल्यावर घाबरला, सगळं ठीक ना, असं तीनदा विचारलं.

"ठीक हाय रं," दादा म्हणाले. "दिवाळी झाली की तुझ्याकडं येतो. वाघनखं बघायला. मला एक सांग, तिथं पार्किंग हाय का?"